एकवीस माणसांचं कास्कास्किया

इलिनॉय राज्याची पहिली राजधानी पाहायची असेल, तर थेट इलिनॉयमधून तिथे जाता येत नाही. आधी मिसिसिपी ओलांडून पलीकडच्या मिझुरी राज्यात उतरावं लागतं. तिथल्या सेंट मेरी नावाच्या छोट्या गावापासून, नदीच्या जुन्या आणि गाळानं भरत आलेल्या पात्रावरचा पूल पार केला की पुन्हा इलिनॉय लागतं. समोर सपाट काळी जमीन, मक्याची आणि सोयाबीनची शेतं, लांब लांब अंतरावर एखादं घर. मधे विटांचं एक चर्च आणि त्याच्या शेजारी एक घंटा जपून ठेवलेली लहानशी इमारत. हे कास्कास्किया. २०२० च्या जनगणनेत इथे २१ माणसं नोंदली गेली. २०१० मध्ये १४ होती आणि २००० मध्ये फक्त ९.

या गावाचा झिप कोड मिझुरीचा आहे, टेलिफोनचा क्षेत्र क्रमांक इलिनॉयचा. रस्त्यांची डागडुजी इलिनॉय सरकार करतं आणि इथले मतदार इलिनॉयच्या निवडणुकांत मत देतात. इलिनॉयचा बहुतेक सगळा भूभाग मिसिसिपीच्या पूर्वेला आहे. कास्कास्किया तेवढं पश्चिमेला पडलं आहे.

नदीनं गाव गिळलं, असं या गावाबद्दल थोडक्यात सांगितलं जातं. ते खोटं नाही. पण त्यानं सगळा दोष एका पुरावर जातो आणि दीडशे वर्षांत माणसांनी घेतलेले निर्णय नजरेआड होतात. कास्कास्कियाची लोकसंख्या कधी, कोणामुळे आणि कोणत्या वाटेनं कमी झाली हे पाहिलं, तर नदी पोचण्याच्या कितीतरी आधी हे गाव रिकामं व्हायला लागलं होतं, हे दिसतं.

कास्कास्किया ही मुळात इलिनॉय महासंघातली एक जमात. तिचं मोठं गाव उत्तरेला, इलिनॉय नदीच्या वरच्या अंगाला, आजच्या युटिका गावाजवळ होतं. १६७३ मध्ये झाक मार्केत हा फ्रेंच जेझुइट पाद्री लुई जोलिएबरोबर तिथे पोचला आणि १६७५ मध्ये त्यानं त्या गावात मिशन सुरू केलं. पुढच्या तीस वर्षांत हे गाव तीनदा हललं. इरोक्वा टोळ्यांच्या हल्ल्यांची धास्ती, जळणाची टंचाई, शेजाऱ्यांशी बिनसलेले संबंध अशी कारणं होती. आधी पिओरियाजवळच्या सरोवराकाठी, मग १७०० मध्ये आजच्या सेंट लुईसच्या हद्दीत, आणि १७०३ मध्ये त्याहून दक्षिणेला. तिथे मिसिसिपीला समांतर वाहत येऊन मिळणारी एक लहान नदी होती. दोन नद्यांच्या बेचक्यातल्या त्या सुपीक पट्टीवर, लहान नदीच्या पश्चिम काठाला वस्ती पडली. जमातीचं नाव नदीलाही मिळालं आणि गावालाही.

जमातीबरोबर पाद्री आले, पाद्र्यांबरोबर फरचे फ्रेंच व्यापारी. फ्रेंच बायका इथे जवळपास नव्हत्याच, त्यामुळे चर्चच्या जुन्या नोंदवह्यांत फ्रेंच नवरा आणि इलिनॉय बायको अशी लग्नं भराभर दिसू लागतात. त्यांतली मारी रुएन्सा ही बाई या गावाच्या पहिल्या पिढीतली सर्वांत ठळक व्यक्ती, असं मला वाटतं. ती कास्कास्कियांच्या म्होरक्याची मुलगी. १६९४ मध्ये बापानं तिचं लग्न मिशेल आको या व्यापाऱ्याशी ठरवलं, तेव्हा तिनं चक्क नकार दिला. ती नुकतीच ख्रिस्ती झाली होती आणि आको धर्माची टिंगल करण्यात प्रसिद्ध होता. बापानं तिला घराबाहेर काढलं. अखेर ती लग्नाला तयार झाली ती आपल्या अटीवर, की आई-वडिलांनीही बाप्तिस्मा घ्यावा. आकोच्या मृत्यूनंतर तिनं मिशेल फिलिप या दुसऱ्या फ्रेंच माणसाशी लग्न केलं आणि त्याच्याबरोबर कास्कास्कियात मोठं बिऱ्हाड उभं केलं.

१७२५ च्या जूनमध्ये, मरणाच्या दारात असताना, तिनं मृत्युपत्र केलं. ते फ्रेंच भाषेत लिहिलं गेलं आणि तिला तिच्या भाषेत समजावून सांगितलं गेलं. दोन घरं, धान्याची कोठारं, जमिनी, गुरं, डुकरं, कोंबड्या, साठवलेला गहू आणि गुलामही. म्हणजे ही गावातल्या श्रीमंत घरांपैकी एका घराची मालकीण होती. पहिल्या लग्नाचा एक मुलगा फ्रेंच रीत सोडून जंगलात आपल्या आजोळच्या लोकांत राहायला गेला होता. तो परत येऊन पश्चात्ताप करत नाही तोवर त्याला वाटा द्यायचा नाही, असं तिनं लिहून ठेवलं. तिला चर्चच्या आत, फरशीखाली पुरण्यात आलं. जमातीची मुलगी, दोनदा फ्रेंचांची बायको, गुलामांची मालकीण आणि परंपरेकडे वळलेल्या मुलाला बेदखल करणारी आई. या गावात कोण ‘फ्रेंच’ आणि कोण ‘इंडियन’ हे पहिल्या पंचवीस वर्षांत किती गुंतलं होतं, हे या एका कागदावरून कळतं. तिचं मृत्युपत्र आणि त्या काळातले शेकडो दस्तऐवज, खरेदीखतं, लग्नाचे करार, लिलावाच्या नोंदी, आजही शेजारच्या चेस्टर गावात, रँडॉल्फ काउंटीच्या दप्तरात आहेत. गाव वाहून गेलं, दप्तर वाचलं.

हे शेतकऱ्यांचं गाव होतं, आणि अमेरिकेत पुढे पसरलेल्या शेतीपेक्षा त्याची रीत वेगळी होती. बहुतेक इंग्रज वसाहतींत शेतकरी आपापल्या शेतात घर बांधून सुटा राहायचा. इथे घरं एकत्र, चर्चभोवती. लाकडी खांब जमिनीत उभे रोवून, मधल्या फटी माती-गवतानं बुजवलेली, चारी बाजूंनी ओसरी असलेली. शेतं गावाबाहेर, नदीपासून डोंगरकड्यापर्यंत जाणाऱ्या लांबट, अरुंद पट्ट्यांची. सगळ्यांच्या शेतांना मिळून एकच कुंपण, आणि आपापल्या पट्ट्यासमोरचं कुंपण राखणं ज्याचं त्याच्यावर. पेरणी झाली की गुरं बाहेर गायरानात काढायची, सुगी संपली की धसकटांवर चरायला सगळ्या गावाची गुरं आत सोडायची. तारखा ठरायच्या त्या रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या दारात भरणाऱ्या गावसभेत. गव्हाचं पीठ बोटींत भरून न्यू ऑर्लीन्सला जायचं. दक्षिणेत गहू नीट पिकत नसल्यानं खालच्या लुईझियानाची भाकर बऱ्याच अंशी या गावाच्या हातात होती. प्रवाहाबरोबर खाली जायला दोन-तीन आठवडे पुरत. वर येताना वल्ही मारत आणि काठावरून दोरानं बोटी ओढत तीन-चार महिने लागत.

ही समृद्धी गुलामांच्या कष्टावर उभी होती. आफ्रिकेतून आणलेले आणि दूरच्या जमातींतून पकडलेले, असे दोन्ही प्रकारचे गुलाम इथे होते. १७५२ च्या फ्रेंच खानेसुमारीत गावातल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त माणसं गुलाम म्हणून मोजली आहेत. कास्कास्कियाच्या मोठेपणाच्या गोष्टी सांगताना हा भाग हळूच वगळला जातो आणि मला ते खटकतं. इलिनॉय हे पुढे लिंकनचं राज्य म्हणून ओळखलं गेलं. पण फ्रेंचांच्या जुन्या गुलामांच्या वंशजांना गुलामीत ठेवता येणार नाही, हे या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं ते १८४५ मध्ये, जेरो खटल्यात. तोवर ही माणसं गावाच्या गणतीत होती, गावकरी नव्हती.

घंटेची गोष्ट याच काळातली. १७४१ मध्ये फ्रान्समधल्या ला रोशेल बंदरात ती ओतली गेली. राजा पंधरावा लुई यानं समुद्रापलीकडच्या इलिनॉयच्या चर्चला ही घंटा भेट म्हणून दिली, अशा अर्थाचा मजकूर तिच्या अंगावर फ्रेंचमध्ये कोरलेला आहे. वजन साडेसहाशे पौंडांच्या आसपास. जहाजानं न्यू ऑर्लीन्सपर्यंत आणि तिथून त्या दोरानं ओढल्या जाणाऱ्या बोटीत, मिसिसिपीच्या उलट दिशेनं शेकडो मैल. फिलाडेल्फियाची सुप्रसिद्ध ‘लिबर्टी बेल’ १७५२ मधली, म्हणजे ही घंटा तिच्याहून अकरा वर्षांनी जुनी.

गावाला पहिली मोठी गळती लागली ती पॅरिसमध्ये झालेल्या एका तहानं. १७६३ च्या तहात फ्रान्सनं मिसिसिपीच्या पूर्वेचा मुलूख इंग्रजांना दिला. पश्चिमेचा स्पेनकडे गेला होता, पण तिथला व्यवहार फ्रेंच आणि धर्म कॅथलिकच राहिला. १७६५ मध्ये इंग्रज शिपाई येऊन जवळच्या फोर्ट द शार्त्र या किल्ल्यावर झेंडा चढवेपर्यंत कास्कास्कियातली अनेक घराणी गुरंढोरं आणि गुलाम घेऊन नदीपल्याड निघून गेली होती. कोणी समोरच्या सेंट जेनेव्हीव्हला, कोणी नुकत्याच वसलेल्या सेंट लुईसला. फ्रेंच सरकारनं जेझुइट संघच मोडीत काढल्यानं त्यांची गावातली जमीन, घर, गुलाम, सगळं लिलावात गेलं. गावासमोरच्या, लहान नदीपलीकडच्या टेकडीवरची गढी इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून गावकऱ्यांनीच १७६६ मध्ये ती उद्ध्वस्त केली. त्या सुमारास हा मुलूख पाहिलेल्या फिलिप पिटमन या इंग्रज अधिकाऱ्यानं गावात ६५ कुटुंबं असल्याचं लिहिलं आहे. व्यापारी, येणारेजाणारे आणि गुलाम वेगळे.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात हे गाव आलं ते एका रात्री. ४ जुलै १७७८. जॉर्ज रॉजर्स क्लार्क हा पंचविशीतला व्हर्जिनियाचा सेनानी पावणेदोनशे माणसं घेऊन ओहायो नदीवरून, मग गवताळ माळरानावरून पायी चालत आला. लहान नदीच्या काठी एका शेतघरात मिळालेल्या होड्यांतून त्यांनी अंधारात नदी ओलांडली आणि गाव ताब्यात घेतलं. एक गोळी झाडावी लागली नाही. इंग्रजांच्या वतीनं कारभार पाहणारा फिलिप द रोशब्लाव्ह स्वतः फ्रेंच होता. तो त्याच्या घरातच पकडला गेला. सकाळी गावकरी भेदरलेले होते. याआधी इंग्रजांनी अकेडियातल्या फ्रेंचांना घरादारातून हुसकून देशोधडीला लावलं होतं, आणि आता आपलंही तसंच होणार, अशी त्यांची खात्री झाली होती. पाद्री पिएर जिबो काही वयस्क माणसांबरोबर क्लार्ककडे गेला आणि एकच मागणं मागितलं, की ताटातूट होण्याआधी एकमेकांचा निरोप घेण्यासाठी चर्चमध्ये एकदा जमू द्या. क्लार्कनं त्यांना सांगितलं, की आमचं तुमच्या धर्माशी काही भांडण नाही आणि फ्रान्सचा राजा आता आमचा मित्र आहे. त्यानंतर चर्चची घंटा वाजली, असं परंपरा सांगते. तिला ‘पश्चिमेची लिबर्टी बेल’ म्हणतात ते यावरून.

स्वातंत्र्य आलं, पण कारभार आला नाही. व्हर्जिनियाच्या शिपायांनी धान्य आणि गुरं घेऊन जे कागदी चलन दिलं, त्याला पुढे काडीचीही किंमत उरली नाही. कित्येक वर्षं न्यायालय नीट चाललं नाही, तक्रारअर्ज पूर्वेकडे जात राहिले. १७८५ मध्ये मोठा पूर आला. समोरच्या सेंट जेनेव्हीव्हच्या लोकांनी त्यानंतर आपलं गाव हळूहळू उंच जागी हलवलं आणि ते आजही नांदतं आहे, जुनी फ्रेंच घरं जपून. कास्कास्कियाचे लोक जागीच राहिले. पुढे १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या कायद्यात गुलामगिरीला बंदीचं कलम आलं. जुन्या गुलामांना ते लागू नाही, अशी पळवाट काढली गेली, तरी गुलामांचे मालक बिथरले आणि आणखी काही घरं स्पॅनिश बाजूला गेली. पुरानं जेवढी माणसं नेली नसतील, तेवढी या तीन दशकांतल्या सरकारांच्या बदलानं गेली.

ज्यांच्यामुळे गावाला नाव मिळालं त्या जमातीचं काय झालं, ते एका तहाच्या कलमांत दिसतं. साथीचे रोग आणि लढाया यांनी कास्कास्किया खूपच थोडे उरले होते. १३ ऑगस्ट १८०३ रोजी व्हिन्सेन्स इथे त्यांचा म्होरक्या झाँ बातिस्त दुक्वान आणि अमेरिकेच्या वतीनं विल्यम हेन्री हॅरिसन यांनी तहावर सह्या केल्या. जमातीनं आजच्या इलिनॉयचा फार मोठा भाग देऊन टाकला. बदल्यात गावाजवळची थोडी जमीन, वार्षिक रक्कम, आणि एक आगळं कलम: जमातीच्या कॅथलिक पाद्र्यासाठी सात वर्षं दर वर्षी शंभर डॉलर आणि चर्च बांधायला तीनशे डॉलर. धर्म आणि सरकार वेगळे ठेवण्याची शपथ घेतलेल्या नव्या देशाच्या तिजोरीतून हे पैसे जाणार होते. पुढे १८३२ मध्ये आणखी एक तह झाला आणि उरलेली जमात कॅन्ससकडे पाठवली गेली. तेव्हापासून कास्कास्कियात कास्कास्किया नाहीत.

तरीही गावाचे चांगले दिवस अजून यायचे होते. १८०३ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी, पश्चिमेचा शोध घ्यायला निघालेली लुइस आणि क्लार्क (हा क्लार्क वेगळा) यांची मोहीम इथे थांबली आणि इथल्या लष्करी ठाण्यातून त्यांनी आपल्या तुकडीसाठी माणसं निवडली. १८०९ मध्ये इलिनॉय वेगळा प्रदेश झाला आणि कास्कास्किया त्याची राजधानी ठरली. १८१४ मध्ये मॅथ्यू डंकननं इथे इलिनॉयचं पहिलं वर्तमानपत्र काढलं. नवे वकील, जमिनीचे दलाल, केंटकी-व्हर्जिनियाकडचे राजकारणी आले. जुन्या फ्रेंच घरांच्या शेजारी विटांची घरं उठली.

राज्याचा दर्जा मिळवताना झालेल्या शिरगणतीची हकीकत मोठी मजेदार आहे. अमेरिकी काँग्रेसनं १८१८ च्या एप्रिलमध्ये अट घातली, की प्रदेशात ४०,००० माणसं असली तर राज्य. पहिली मोजणी ३५,००० च्याही आत थांबली. मग पुरवणी मोजणी झाली. रस्त्यानं पश्चिमेकडे निघालेली बिऱ्हाडं एकापेक्षा जास्त ठिकाणी मोजली गेली, येणार असलेले लोकही आले असं धरलं गेलं, आणि आकडा ४०,२५८ वर पोचला. ऑगस्टमध्ये ३३ प्रतिनिधी कास्कास्कियात जमले, त्यांनी हा आकडा मान्य केला आणि राज्यघटना लिहून काढली. ३ डिसेंबर १८१८ रोजी इलिनॉय राज्य झालं. शॅड्रक बाँड पहिला गव्हर्नर. पहिला उपगव्हर्नर पिएर मेनार, मॉन्ट्रियलजवळ जन्मलेला फ्रेंच-कॅनेडियन व्यापारी. तो अमेरिकेचा नागरिक होऊन फार काळ झाला नव्हता, म्हणून घटनेच्या मसुद्यातली नागरिकत्वाची अट त्याच्यासाठी सैल केली गेली. पहिलं विधिमंडळ एका दुमजली विटांच्या इमारतीत बसलं, रोज चार डॉलर भाड्यानं.

त्या वेळी गाव केवढं होतं? काही लिखाणांत सात हजारांचा आकडा दिसतो. मला तो मुळीच पटत नाही. त्या वर्षांत गावात जेमतेम दीडशेच्या आसपास घरं होती. त्यांत सात हजार माणसं बसवायची तर दर घरात चाळीसहून जास्त होतील. गेलेल्या गावाची लोकसंख्या सांगणाऱ्याच्या मनात वाढत जाते, एवढाच त्याचा अर्थ.

राज्याची राजधानी इथे दोनच वर्षं टिकली. गाव राज्याच्या नैर्ऋत्येच्या कडेला, आणि नव्या वस्त्या उत्तरेकडे सरकत होत्या. शिवाय सरकारी जमिनीवर नवं गाव वसवून भूखंड विकण्यात पुढाऱ्यांना रस होता. १८२० मध्ये दप्तर गाडीत घालून व्हँडेलियाला हलवलं गेलं. सरकार गेलं, त्यामागे वकील गेले, वर्तमानपत्र गेलं. १८२५ च्या एप्रिलअखेरीस, स्वातंत्र्ययुद्धात अमेरिकेच्या बाजूनं लढलेला फ्रेंच सेनानी लाफायेत अमेरिकेच्या दौऱ्यात इथे येऊन गेला, मेजवानी आणि नृत्य झालं. म्हाताऱ्या फ्रेंच गावकऱ्यांना आपल्या भाषेत बोलणारा एवढा मोठा पाहुणा पुन्हा कधी मिळाला नाही.

आता नदीकडे येऊ. १८१७ मध्ये झेब्युलॉन पाइक नावाची पहिली आगबोट सेंट लुईसपर्यंत पोचली आणि त्यानंतर मिसिसिपीवर आगबोटींची रीघ लागली. या बोटींचं इंधन म्हणजे जळाऊ लाकूड, आणि ते घ्यायला दिवसातून एक-दोनदा तरी काठाला लागावं लागे. काठाकाठानं लाकडाच्या वखारी उभ्या राहिल्या. शेतकऱ्यांना हिवाळ्यात झाडं तोडून विकणं हा चांगला जोडधंदा मिळाला. काही दशकांत नदीच्या मधल्या टप्प्यातले काठ उघडे पडले. गाळाची माती धरून ठेवणारी मुळं गेली, काठ ढासळू लागले, पात्र रुंद आणि उथळ होत गेलं आणि पूर अधिक बेभरवशाचे झाले. अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी दलातले पुरातत्त्वज्ञ एफ. टेरी नॉरिस यांनी जुने नकाशे ताडून पाहून या भागातली फ्रेंच गावं कुठे गेली याचा शोध घेतला, तेव्हा त्यांनी जंगलतोडीवरच बोट ठेवलं. मला हे स्पष्टीकरण पटतं. गावाला एका इंडियन तरुणाचा शाप होता, अशी दंतकथाही आहे. त्याच्या फ्रेंच प्रेयसीच्या बापानं त्याला मारलं आणि मरताना त्यानं गावाच्या विनाशाचं भाकीत केलं, अशी. प्रवासी पुस्तकांना ती आवडते. वखारींची गोष्ट तिच्याइतकी रंगतदार नाही, पण खरी आहे, आणि शापापेक्षा जास्त विचार करायला लावणारी आहे.

१८४४ चा पूर प्रचंड होता. १८३३ मध्ये जॉर्जटाउनहून आलेल्या व्हिजिटेशन संघाच्या जोगिणींनी इथे मुलींची शाळा चालवली होती. पाणी वरच्या मजल्याकडे चढू लागलं, तशा त्या विद्यार्थिनींसह आगबोटीनं सेंट लुईसला गेल्या आणि परत आल्या नाहीत. त्यानंतर काही वर्षांतच काउंटीचं मुख्यालय चेस्टरला हललं. न्यायालय, शाळा, बाजार, तिन्ही गेल्यावर उरलं ते शेतकऱ्यांचं खेडं.

त्या खेड्याच्या उत्तरेला मिसिसिपी एक मोठं वळण घेत होती आणि लहान कास्कास्किया नदीच्या फार जवळ आली होती. दोन पात्रांमधली जमिनीची पट्टी दर वर्षी चिंचोळी होत होती. अभियंत्यांना, गावकऱ्यांना, सगळ्यांना ती दिसत होती. १८८१ च्या एप्रिलमध्ये, वसंतातल्या पुरात, ती फुटली. मिसिसिपीचं पाणी जवळच्या आणि खोल वाटेनं लहान नदीत शिरलं, आणि ज्या पात्रातून होड्या वल्हवत माणसं पैलतीरी जात, त्यातून आता खंडातली सर्वांत मोठी नदी वाहू लागली. ते पात्र तिला पुरणार नव्हतं. ती दोन्ही काठ खात स्वतःला रुंद करत गेली, आणि एका काठावर गाव होतं. एका रात्रीत काही झालं नाही. वीसेक वर्षं काठ तुटत राहिला. आधी परसू, मग ओसरी, मग घर. लोक दारं, खिडक्या, विटा काढून नेत. ज्या इमारतीत पहिलं विधिमंडळ बसलं होतं तीही गेली. नदीच्या पूर्वेला, कड्याच्या पायथ्याशी मेनारचं घर होतं, ते तेवढं राहिलं आणि आजही पाहता येतं. त्याच्या ओसरीवरून एकेकाळी पलीकडचं गाव दिसायचं. आता मिसिसिपी दिसते.

मेलेल्यांना हलवण्यासाठी मात्र राज्य सरकारनं पैसे दिले. १८९० च्या दशकात दफनभूमीतले सुमारे ३,८०० जणांचे अवशेष उकरून पूर्वेच्या टेकडीवर, जुन्या गढीजवळ, पुन्हा पुरले गेले. बहुतेकांची नावं कोणालाच माहीत नव्हती. जिवंत गावकऱ्यांनी काही मैल दक्षिणेला, नव्यानं तयार झालेल्या बेटावर घरं बांधली, विटांचं नवं चर्च उभारलं आणि घंटा तिथे नेली.

राज्याची हद्द मात्र हलली नाही. नदी काठ झिजवत हळूहळू सरकली तर तिच्यासोबत सीमाही सरकते. नदीनं अचानक नवी वाट फोडली तर सीमा जुन्या पात्रातच राहते, हा अमेरिकी कायद्यातला जुना नियम आहे. १८८१ चं वळण दुसऱ्या प्रकारचं ठरलं. म्हणून कोरड्या पडत चाललेल्या जुन्या पात्रात राज्याची सीमा आहे आणि कास्कास्किया मिझुरीच्या बाजूला राहूनही इलिनॉयमध्ये आहे.

विसाव्या शतकात बेटाभोवती मातीचा उंच बांध घातला गेला आणि शेती चांगली चालली. यंत्रं मोठी होत गेली तशी शेतं मोठी झाली आणि माणसं कमी. १९९० च्या जनगणनेत तीसच्या वर माणसं होती. मग १९९३ चा उन्हाळा आला. अपर मिसिसिपीच्या खोऱ्यात महिनोन्‌महिने पाऊस पडत होता. गावकरी आणि मदतीला आलेले लोक दिवसरात्र वाळूची पोती रचत होते. जुलैच्या उत्तरार्धात बांध फुटला आणि सगळं बेट पाण्याखाली गेलं. जो बांध पाणी बाहेर ठेवत होता, त्यानंच नंतर ते आत कोंडून ठेवलं. बांध पुन्हा बांधला, चर्च दुरुस्त झालं, पण बरीचशी कुटुंबं परतली नाहीत. २००० सालची ९ ही संख्या त्यातून आली. कसणारे आजही कसतात. अनेकजण राहतात मात्र बाहेर, उंचावर.

जमात कॅन्ससला गेली ती तिथेही राहू शकली नाही. १८५४ मध्ये पिओरिया, वीया आणि पियांकशॉ यांच्याबरोबर ती एक झाली आणि १८६७ च्या तहानंतर सगळ्यांना आजच्या ओक्लाहोमात नेण्यात आलं. तिथल्या मायामी शहरात ‘पिओरिया ट्राइब ऑफ इंडियन्स ऑफ ओक्लाहोमा’ या सरकारमान्य जमातीचं मुख्यालय आहे आणि तिच्या सभासदांत कास्कास्कियांचे वंशज आहेत. त्यांची भाषा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बोलणाऱ्यांच्या तोंडून गेली होती. पण अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर जेझुइट मिशनमध्ये या भाषेचा एक मोठा फ्रेंच कोश हातानं लिहिला गेला होता, वीस हजारांहून अधिक नोंदींचा. पूर्वी तो पाद्री झाक ग्राव्हिएच्या नावावर होता. अक्षर तपासल्यावर ते त्याचा सहकारी झाक लार्जिलिए याचं असल्याचं कळलं. हे हस्तलिखित कनेटिकट राज्यातल्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. तो कोश, इतर मिशनऱ्यांच्या वह्या आणि भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड कोस्टा यांचं संशोधन यांच्या आधारे, हीच भाषा बोलणाऱ्या मायामी जमातीचे डॅरिल बाल्डविन यांनी आधी ही भाषा स्वतः शिकून घेतली, मग आपल्या मुलांना घरात शिकवली. ओहायोतल्या मायामी विद्यापीठात त्यांनी उभं केलेलं केंद्र आज त्या कोशाच्या पानांचं लिप्यंतर करून ती संगणकावर आणतं, आणि मायामी व पिओरिया जमातींतली मुलं त्यातले शब्द घेऊन बोलायला शिकतात.